स्वयंपाकघर शेवटी हलतं

दिगूमामा,

पत्रे करायचा कंगवा सापडला. देवघराच्या फळीवर, वातींच्या डब्यामागे होता. तू आणि तुझी भाचेसून वसुधा त्या कंगव्यावरून किती दिवस एकमेकांवर आळ घेत होतात. ती म्हणायची, "मामा, तुम्हीच वर नेलात." तू टकलावरून हात फिरवून म्हणायचास, "वसुधाबाई, या डोक्याला कंगवा कशाला लागेल?" खरं तर त्या कंगव्याचा केसांशी संबंध सुटून वर्षं झाली होती. मिठाईच्या खोक्यातली चंदेरी पत्री त्याच्या दातांवर ठेवायची, वरून काडेपेटीच्या काडीनं दाबत जायचं, की पन्हाळी पत्रा तयार. काताचं पाणी फिरवलं की गंजही चढायचा. आपल्या सगळ्या खोपटांवर हाच पत्रा होता. तिथे पाऊस कधी पडणार नव्हता, तरी छपराचा उतार तू नीट काढायचास.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तुझं नाव, रेल्वेच्या वर्कशॉपमधली नोकरी, अविवाहित, मनमिळाऊ, हे सगळं तू गेल्याच्या बातमीत, वर्तमानपत्रात देऊन झालं. त्यात तू कुठेच नव्हतास. म्हणून तुझ्याशीच बोलतो, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं. समोरासमोर बोलायला मला जमत नाही हे तुला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा आडवळणानं जात राहीन आणि पानं संपतील. वरची खोली रिकामी कर, असं मी तुला सांगितलं, तेव्हा वसुधा तसं म्हणते असं सांगितलं होतं. वसुधा तसं कधीच म्हणाली नव्हती. खोली मलाच हवी होती. हवी होती असंही नाही. तुझी ती खोली असू नये, एवढंच हवं होतं.

आता बाकीचं.

तू रिटायर होऊन क्वार्टर सोडलंस आणि खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी राहायला आलास, तेव्हा तुझ्याबरोबर एक ट्रंक होती आणि एक खोकं होतं, ज्याला तू हमालाला हात लावू दिला नाहीस. त्यात रूळ होते. बोटाच्या रुंदीचे रूळ, एक काळं इंजिन आणि काही सपाट वॅगन. नोकरीत असताना तू ते एकेक करून जमवले होतेस. आमच्या मोरीचं जुनं दार निघालं होतं, ते गच्चीवरच्या खोलीत दोन घोड्यांवर आडवं टाकलंस आणि म्हणालास, "विन्या, इथे जंगल होणार."

मला वाटलं होतं, तू स्टेशन करशील. झाशीचा माणूस, उभा जन्म रेल्वेत गेलेला, दुसरं काय करणार. तू केलास लाकूडतोड्यांचा तळ. तू त्याला डेरा म्हणायचास. झोपायची खोपटं, हत्यारांना धार लावायची शेड, लाकूड कापायचा आरा, मुकादमाची खोली, स्वयंपाकघर, आणि त्या सगळ्यांमधून जाणारा ओंडक्यांच्या गाडीचा रूळ. इंजिन आणि रूळ सोडून काहीही विकत घ्यायचं नाही, हा तुझा नियम. मी एकदा म्हणालो, तयार खोपटांचे डबे मिळतात, नुसती चिकटवायची. तू म्हणालास, "बाजारातून आणलेला डेरा बाजारासारखाच दिसतो."

म्हणून आपले रविवार बड़ा बाज़ारात गेले. पतंगवाल्याकडून बांबूच्या उरलेल्या कामट्या, अगरबत्तीवाल्याकडून मोडक्या काड्या, आरा मशीनवरून मूठभर भुसा. मशीनवाल्यानं पोतं पुढे केलं होतं आणि आपण खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तेव्हाचं त्याचं तोंड आठवतं का तुला? कुल्फीवाल्याकडे आपण कुल्फी संपवून काड्या पुसून खिशात घालायचो. इतरांनी फेकलेल्याही तू वाकून उचलायचास. त्यानं एकदा न राहवून विचारलं, "काए बाबूजी, लकड़ी भी घर ले जैहो?"

तू गंभीर चेहऱ्यानं त्याच्याच बुंदेलीत म्हणालास, "भैया, जा लकड़ी नइयाँ. जा हमाई दीवार है."

बँकेत दिवसभर मी जेवढं बोलायचो त्याहून जास्त त्या दुपारी बोलायचो. नव्हे, तू बोलायचास आणि मी हं म्हणायचो, पण ते हं बँकेतल्यासारखं नव्हतं. मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, आणि एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर हे पाठ करत होतो. तू मला सांगितलंस की या मापानं मी बोटाच्या दोन पेरांएवढाही भरत नाही. "म्हणून बँकेत तुला कुणी बघत नाही," असंही म्हणालास.

माझं पहिलं खोपटं मी पट्टी लावून, काटकोन धरून केलं. आठवडाभर वाळवलं. तू ते तळहातावर घेऊन फिरवलंस आणि म्हणालास, "विन्या, ही बँकेची शाखा झाली. लाकूडतोडे यात झोपायला घाबरतील." मग नखानं दोन फळ्या उचकटल्यास, एक आखूड केलीस, दाराची चौकट किंचित कलती केलीस. मला राग आला होता. पण तू ते इतर खोपटांशेजारी ठेवलंस आणि ते तिथलं दिसायला लागलं. "घर बांधणाऱ्याला उद्या दुसरीकडे जायचंय," तू म्हणालास, "हे घराकडे बघूनच कळलं पाहिजे."

रंगाची गोष्ट वसुधाची. आपल्या काड्या कितीही चहात बुडवल्या तरी नव्या फर्निचरसारख्या दिसायच्या. तिनं एकदा तारेची घासणी व्हिनेगरच्या पेल्यात टाकून ठेवली, कशासाठी ते आता तिलाही आठवत नाही, आणि त्यात आपल्या चहाच्या काड्या पडल्या. सकाळी बघतो तर अनेक पावसाळे खाल्लेल्या फाटकासारखा करडा रंग. तू पेला घेऊन स्वयंपाकघरात गेलास आणि तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलास. "वसुधाबाई, आजपासून डेऱ्याचं रंगखातं तुमच्याकडे." तेव्हापासून ती चहाचा चोथा धुऊन, वाळवून, एका डब्यात साठवायला लागली. तो जंगलातल्या जमिनीवर पसरायचा. दुपारी तू खाली यायचास, दुसरा कप मागायचास आणि डबा हलवून बघायचास. "अजून अर्धा एकर होईल," असं काहीतरी म्हणायचास. ती हसायची. आमच्या घरात, मामा, तेवढं हसणं दुसऱ्या कशानंच होत नव्हतं.

तू खोपटांखाली ओंडके लावायला लागलास तेव्हा मला डेऱ्याचं कारण कळलं. प्रत्येक खोपट्याखाली घसरगाडीसारखे दोन आडवे ओंडके, आणि एकही खोपटं वॅगनपेक्षा रुंद नाही. मी विचारलं, एवढं तंतोतंत कशाला? तेव्हा तू आजोबांचं सांगितलंस. आजोबा रेल्वेसाठी रुळांखालचे लाकडी स्लीपर तपासायला साल वृक्षांच्या जंगलात जायचे, आणि माझी आई तेव्हा लहान असल्यामुळे तुला बरोबर न्यायचे. तिथे घरं जमिनीत रोवलेली नसत. एका भागातली झाडं संपली की खोपटं उचलून वॅगनवर चढवायची आणि छोट्या गाडीनं पुढे न्यायची. गाव तेच, जागा नवी. एकदा तुला ताप भरला आणि तुला शहरात दवाखान्यात ठेवलं. बरा होऊन परत गेलास तर डेरा नव्हता.

"काहीच नव्हतं?" मी विचारलं.

"चौकोन होते," तू म्हणालास. "जिथे जिथे खोपटं होतं तिथे जमीन फिकी. मी त्या चौकोनांत उभा राहून बघितलं. हे मुकादमाचं, हे आपलं. एका जागी मात्र चूल अजून गरम होती."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघर शेवटी हलतं. माणसं सामान चढवून दमतात, त्यांना जेवायला लागतं. सगळं गेल्यावर मग ते. म्हणजे माझी त्यांची गाठ थोडक्यात चुकली होती." एवढं बोलून तू पुन्हा ओंडका घासायला लागलास.

तुझी आणि माझी भांडणं झाली नाहीत. एकच वाद होता, तोही कधी संपला नाही. तुझ्या डेऱ्यात माणसं नव्हती. दोरीवर कपडे वाळत होते, ओंडक्यात कुऱ्हाड रोवलेली होती, धार लावायच्या चाकाजवळ तांब्या होता, आणि माणूस एकही नाही. जो कुणी वर यायचा तो हेच विचारायचा, आणि तू तेच उत्तर द्यायचास, "जेवायला गेलीत."

मी म्हणायचो, "मामा, वर्षं झाली. किती जेवतील?"

"मेहनतीची माणसं आहेत."

"भुतांचा डेरा वाटतो."

"तुला वाटतो. मला त्यांचा आवाज येतो."

हे मी हसण्यावारी नेलं असं नाही. मला ते लागायचं. मी तुझ्या त्या जगात इतकी वर्षं फळ्या चिकटवत होतो आणि मला तिथे एक माणूस उभा करायचा होता. माझा म्हणून. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आजही नीट येत नाही.

मग तू वर्कशॉपातल्या कुणाच्या तरी घरच्या लग्नाला मऊरानीपुरला गेलास. मी आधीच प्लॅस्टिकची माणसं मागवली होती, इमारतींच्या नमुन्यात लावतात तसली. नियम मोडून. सूटबूट, टाय, हातात पर्स घेतलेल्या बायका. जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या मागच्या खोलीत बसून मी त्यांना रंगवलं. कोटाचं उघडं अंग केलं, पँटचं धोतर केलं, खांद्यावर लाल गमछा दिला. बायकांचं काय करावं कळेना, म्हणून एकच घेतली आणि तिला हिरवी साडी नेसवली. तिच्या हातातली पर्स तशीच राहिली. त्या रविवारी मी त्यांना डेऱ्यात उभं केलं. दोघं आऱ्यापाशी, एक कुऱ्हाडीजवळ, बाकी रुळाकडे बघत. मग मी गुडघे टेकून डोळा दाराच्या पातळीवर आणला आणि बघितलं. मामा, मला फार बरं वाटलं होतं.

तू परत आलास तेव्हा मी बँकेत होतो. संध्याकाळी आलो तर माझ्या टेबलावर एक काडेपेटी. वर गेलो. तू गेटपर्यंत फिरायला गेला होतास. डेऱ्यात माणूस नव्हता. एकही. खाली येऊन काडेपेटी हलवली, आत खुळखुळ वाजलं. ती न उघडता मी खणात टाकली आणि खण जोरात लावला.

जेवताना तू माझ्याकडे बघत होतास. "काडेपेटी मिळाली?"

"मिळाली."

तू थांबलास. चेहरा हसायच्या बेतात होता, म्हणजे आज मला तसं दिसतं. "मग?"

"मग काय?"

तू भाताकडे बघितलंस. "काही नाही," म्हणालास. भात वाढू का, हे वसुधाला तुला दोनदा विचारावं लागलं. दोन-तीन दिवसांनी माझं पंचिंग मशीन तू परत आणून ठेवलंस. तू ते नेलं होतंस हेच मला तेव्हा कळलं. कशाला नेलं होतंस, हे मी विचारलं नाही. मी काहीच विचारत नव्हतो.

पुढचं लिहायला सोपं नाही. वसुधा ग्वाल्हेरला तिच्या आईकडे गेली होती. तू जिना उतरत होतास आणि मी खाली उभा होतो. मी म्हणालो, "वसुधा म्हणत होती, वरची खोली मोकळी झाली तर बरं. पाहुणे येतात-जातात. तुझी खाट मधल्या खोलीत घालू. डेऱ्याची फळी मात्र तिथे मावणार नाही."

तू कठडा धरून उभा राहिलास. "वसुधा म्हणाली?"

"हो."

"बरं," तू म्हणालास. "डेरा हलवायचा तर."

ती परत आली तेव्हा मी तिला सांगितलं की मामाला जिना झेपत नाही, तो स्वतःच खाली यायचं म्हणतो. ती म्हणाली, "मी बोलून बघू का? फळीसाठी बैठकीत जागा करू." मी म्हणालो, "नको, जिन्याचं काढलं की त्याला वाईट वाटतं." अशी दोन्ही दारं मी बाहेरून लावून घेतली. तू तिला विचारणार नाहीस, कारण तू आश्रयाला आलेला माणूस, आणि घराच्या बाईनं जागा मागितल्यावर का असं विचारत नसतात. ती तुला विचारणार नाही, कारण म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याबद्दल बोलू नये. तुमच्या दोघांच्या सभ्यपणावर माझं खोटं निवांत बसलं.

तू तिला वसुधाबाई म्हणायचं थांबवलंस. सूनबाई म्हणायला लागलास. दुसरा कप मागेनास. पहिला पिऊन स्वतः विसळून पालथा घालायचास. कसली भाजी करू असं तिनं विचारलं की, "काहीही चालेल सूनबाई." ती मला रात्री नाही, भर दुपारी, ओल्या हातानं येऊन विचारायची, "माझं काही चुकलं का हो?" मी म्हणायचो, वय झालं त्याचं. चहाचा चोथा ती वाळवत राहिली. डबा भरला तशी तिनं दुसरा काढला.

आणि तू वर डेरा हलवत होतास. एक खोपटं उचलायचं आणि खोक्यात ठेवायचं, असं नाही केलंस. मी एकदा दारापर्यंत आलो होतो, तुला दिसलो नाही. तू दोऱ्याच्या गळानं खोपटं उचललंस, वॅगनवर बसवलंस, दोरीनं बांधलंस. मग इंजिन अगदी हळू सोडलंस. ते आऱ्याजवळून, पाण्याच्या टाकीखालून फळीच्या टोकापर्यंत गेलं, आणि तिथे तू ते उतरवून बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलंस. इंजिन रिकामं परत आलं. मी तसाच उलटा खाली गेलो. जेवताना विचारलं, "किती राहिलंय?" तू म्हणालास, "गाडी एकच आहे. घाई करून कसं चालेल?" त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागलं.

एवढ्याशा प्लॅस्टिकच्या माणसांवरून मी हे केलं. कुणी विचारलं तर सांगण्यासारखं कारणही नाही. जिना, पाहुणे, गुडघे, ही मी नंतर जमवलेली. खरं कारण हे की मी पन्नाशीत पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी माझं म्हणून दाखवलं होतं, आणि ते काडेपेटीत घालून परत आलं होतं.

तू गेल्यावर, तेराव्याला, तुझे वर्कशॉपवाले आले. अंगणात पंगत बसली. तुझ्याबरोबर ज्यांनी वॅगनांच्या तळाशी आयुष्य काढलं त्या रामसरूपजींनी हात धुताना मला विचारलं, "लला, मम्मा की रेल एक बेर दिखा देते." मम्मा म्हणजे तू, मामा. मी म्हणालो, किल्ली सापडत नाहीये. किल्ली माझ्या खिशात होती. त्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कोऊ बात नईं. फिर कभऊँ." तो हात मला सहन झाला नाही.

सगळे गेल्यावर वसुधा ओसरीत पातेली पुसत होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि सांगितलं. जिन्यावर काय म्हणालो ते, आणि तिला काय सांगितलं ते. शब्द तेच, उलगडून वगैरे नाही.

ती पुसायची थांबली नाही. एक पातेलं झालं, दुसरं घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मामांना वाटत होतं, मी त्यांना बाहेर काढलं."

"हो."

"आणि मी रोज त्यांना विचारत होते, भाजी कसली करू."

तिनं तिसरं पातेलं ओढलं.

"मला वाटायचं, माझ्या हातचं त्यांना आवडेनासं झालंय. मी मीठ बदललं, चहाची पत्ती बदलली. तुम्ही बघत होतात." तिनं फडकं घडी करून ठेवलं. "तुमच्याशी मला आत्ता बोलायचं नाही."

ती बोललीही नाही. सुतक फिटलं होतं, पण घरात ते तसंच होतं. मी तिला माफ कर म्हणालो नाही, कारण माफी तिच्या एकटीकडे मागायची नव्हती आणि दुसरा माणूस घरात नव्हता.

काल दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हातांत चोथ्याचे डबे. "किल्ली द्या."

मी तिच्या मागून जिना चढलो. खोली उघडली. फळीवर जंगल तसंच होतं, भुसा, चोथा, अगरबत्तीच्या काड्यांची झाडं, आणि मध्ये चौकोन. प्रत्येक खोपट्याच्या जागी एक फिका चौकोन. हे मुकादमाचं, हे धारेचं, हे माझं, बँकेच्या शाखेचं. तू सांगितलं होतंस तसेच. फळीच्या टोकाशी इंजिन आणि एक रिकामी वॅगन थांबलेली होती. आणि रुळाच्या पलीकडे, एकटं, स्वयंपाकघर.

"हे राहिलं वाटतं," ती म्हणाली.

"ते शेवटी हलतं," मी म्हणालो.

तिनं ते उचलायला हात घातला तर छप्पर हातात आलं. तुझी सगळी छपरं सुटी असत, मला ठाऊक होतं. या छपराखाली मी शेवटचं कधी बघितलं होतं, ते मात्र आठवेना.

आत पंगत बसली होती.

माझी माणसं. उघड्या अंगाची, खांद्यावर लाल गमछे असलेली, दोन्ही भिंतींना पाठ लावून, समोरासमोर. तू त्यांना मांडीपासून कापून जमिनीवर बसवलं होतंस आणि टिशूच्या कागदाचं धोतर गुंडाळून मांडी घातली होतीस. प्रत्येकापुढे पत्रावळ. वाळक्या पानातून पाडलेली गोल टिकली, माझ्या पंचिंग मशीनच्या मापाची. पत्रावळीवर भात म्हणून राजगिऱ्याचा एकेक दाणा. आणि मधून वाढत चाललेली, एकटी उभी, हिरव्या साडीतली बाई. तिच्या हातातल्या पर्सला तू पितळी रंग दिला होतास आणि वरून तारेची कडी लावली होतीस. वरणाची बादली.

वसुधा खाली वाकली. तिचा श्वास त्या छपराविना घरावर पडत असेल. "ही मी," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "यांचे पाय कुठे आहेत?"

मी खाली धावलो. या वयात जिना असा उतरायचा नसतो. खण ओढला, काडेपेटी घेऊन वर आलो आणि तिच्यासमोर उघडली. आत पाय होते. डझनभर माणसांच्या तंगड्या, मी जेवणाच्या सुट्टीत रंगवलेल्या.

वसुधा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडावर पदर धरून, आणि मग तिला ते थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी काडेपेटी हातात धरून उभा होतो.

मामा, मी हिशेब लावला आहे. ही पंगत तू त्याच दिवशी बसवायला घेतलीस. पत्रावळी नंतर, सावकाश. म्हणजे मी जिन्याखाली उभा राहिलो त्याच्या आधी. यातून मला माफी मिळत नाही, तुला मी जे सांगितलं ते ऐकल्यावर तू काय समजून गेलास हे यात कुठेही नाही. वसुधाला मात्र एवढं मिळालं की एके काळी तू तिला तिथे उभं केलंस, आणि तिला बघून मग छप्पर लावलंस. पण खालच्या खोलीत बसून मी ते इंजिन ऐकत होतो तेव्हा तू हे स्वयंपाकघर शेवटी ठेवलं होतंस. कदाचित नियम म्हणून. कदाचित कुणीतरी परत येईल आणि चूल गरम असेल म्हणून. मला ते आता कोण सांगणार.

वसुधानं छप्पर बाजूला ठेवलं, परत लावलं नाही. डोळे पुसले आणि बुटांचं पहिलं खोकं उघडलं. मी माझ्या खोपट्याला हात घालणार, तर म्हणाली, "असं नाही. गाडीनं आणा." एवढंच बोलली. म्हणून मी इंजिन सुरू केलं, ते कसं हळू सोडायचं ते माझ्या बोटांना येत नव्हतं. दोन वेळा खोपटं वॅगनवरून पडलं. तिसऱ्यांदा ते पाण्याच्या टाकीखालून गेलं आणि आपल्या चौकोनाशेजारी थांबलं. तिनं चौकोनावर ताजा चोथा भुरभुरला, मी खोपटं बसवलं. अजून बरीच खोकी आहेत. रामसरूपजींना रविवारी बोलावलं आहे, किल्ली सापडली म्हणून.

तू जेवताना विचारलं होतंस, मग?

मग असं, मामा. तू बरोबर होतास. जेवायलाच गेली होती.